थाळी दिसली की पाणी पास

संपादकांचं पत्र आलं की दिवाळी अंकासाठी आपल्या कार्यातले अनुभव लिहा, तरुणांना स्फूर्ती येईल असं काहीतरी लिहा. मी पाच वर्षं जालन्याच्या आसपास विहिरींचं काम केलं. त्यातून कुणाला स्फूर्ती येत असेल तर त्याने ती आपल्या जबाबदारीवर घ्यावी. मला जे सांगायचं आहे ते मी बरेच दिवस स्वतःच छापलेल्या पत्रकांच्या ढिगाखाली दडवून ठेवलं होतं.

आधी काम काय ते सांगतो. शहरातल्या वाचकाला नळाची तोटी ठाऊक, बारव ठाऊक नसते. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. आमच्याकडे बाया घागर घेऊन या पायऱ्या उतरतात, गुडघाभर पाण्यात उभ्या राहतात, हाताने वरचा कचरा बाजूला सारतात आणि घागर बुडवतात. तिथेच पाय धुणं, तिथेच चूळ भरणं. सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. आमचं सरकार हैदराबादचं, आणि हैदराबादला सगळं ठाऊक असतं. तिथून हुकूम निघतो तेव्हा तो टळटळीत दुपारसारखा असतो. सुभेदारापर्यंत येईतो उन्हं कलतात, तहसीलदाराच्या टेबलावर सांज होते, गिरदावराच्या बस्त्यात अक्षर लागेनासं होतं, आणि गावच्या पाटलापर्यंत पोचतो तेव्हा तो हुकूम होता का अफवा होती हे त्यालाही सांगता येत नाही. दरसाल पटकी येते, माणसं जातात, आणि दरसाल कुणीतरी ‘चौकशी सुरू आहे’ म्हणतं.

म्हणून आम्ही पाच जणांनी जालन्यात पाणी मंडळ काढलं. माझं वय तेव्हा एकवीस. शाळा उर्दूत झाली, पण खरं शिक्षण छापखान्यात. पत्रक लिहायचं, खिळे जुळवणाऱ्याच्या शेजारी उभं राहून तपासायचं, शाई वाळायच्या आत वाटायला निघायचं. सभेला परवानगी लागे आणि ती मिळत नसे. विहिरीच्या काठावर चार माणसं जमली तर त्याला कुणी सभा म्हणत नसे, एवढीच फट होती, आणि आम्ही तीतून आत शिरलो. पत्रकं लिहून लिहून मला एक खोड लागली होती. कुठलीही गोष्ट घ्यायची आणि तिची एक ओळ करायची, जी हलगीवर म्हणता येईल. विहिरीची माझी ओळ होती, ‘थाळी दिसली की पाणी पास.’

ही थाळी म्हणजे एनॅमलची साधी पांढरी थाळी. काठाला तीन भोकं, तीन दोऱ्या, खाली वजनाला शिसं. दोऱ्यांच्या वरच्या सुतळीला हाता-हातावर गाठ. थाळी पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी होईपर्यंत गाठी मोजायच्या. बारवेच्या पोटात दुपारीही अंधार असतो, म्हणून वर उन्हात एकाने आरसा धरायचा आणि उन्हाचा झोत पाण्यावर पाडायचा. ही आरशाची युक्ती माझी नव्हे. विहिरीत घागर पडली, नथ पडली की गावात असंच करतात. सहा गाठींपर्यंत थाळी दिसली तर विहीर पास. आधीच बुडाली तर नापास, मग गाळ आणि शेवाळ काढायचं.

उजेड पाण्यात शिरला की थकत जातो. पण थकण्याची रीत वेगळी आहे. पहिल्या हातात त्यातला निम्मा गेला असं धरा. दुसऱ्या हातात उरलेला सगळा जात नाही, उरलेल्यातला निम्मा जातो. तिसऱ्यात त्याच्या निम्मा. पंगतीत प्रत्येकाने समोर आलेल्या परातीतला अर्धा भात काढून घ्यावा आणि परात पुढे सरकवावी, तसं. परात अगदी रिकामी कधी होत नाही, पण सातव्या माणसाच्या वाट्याला शितं येतात. पाणी जितकं गढूळ तितका पंगतीतला प्रत्येक जण खादाड. शिवाय थाळी दिसायची तर उजेडाला खाली जाऊन परत वर डोळ्यापर्यंत यावं लागतं. सहा हातांवर दिसली म्हणजे त्याने बारा हात पाणी तुडवलं. असं पाणी वाईट कसं असेल, असा माझा सवाल असे. तो मी छातीठोकपणे विचारायचो, आणि समोर उत्तर देणारा कुणी नसायचा.

यातलं निम्मं मला दगडूमामाने शिकवलं. दगडू भोई हा आमचा बुडी मारणारा. चाळिशीचा, रोडका, छाती मात्र भात्यासारखी. भोकरदनपासून मंठ्यापर्यंत कुणाच्याही विहिरीत काही पडलं की त्याला बोलावणं जायचं. मंडळात आम्ही पाचही जण पोहणारे, पण तळाशी जाऊन टोपल्यात गाळ भरणारा एकच. मी त्याला मामा म्हणायचो, तो मला मास्तर म्हणायचा. मी कुठेही शिकवत नव्हतो, पण हातात कागद असलेला माणूस मास्तरच.

पाण्याखाली उजेड कसा असतो हे तो आजाऱ्याची खबर सांगितल्यासारखं सांगायचा. पहिल्या हाताला धडधाकट, दुसऱ्याला कापरं भरलेलं, चौथ्याला निस्तं हिरवं. “लाल रंग आधी मरतो बघा, मास्तर,” तो एकदा म्हणाला. “मंठ्याच्या अंगाला एका विहिरीत लाल लुगडं व्हतं तळाला. खाली मला काळंच दिसलं. वर आणलं तवा लाल झालं.” त्या लुगड्यात बाई होती का, असं मी विचारलं. मामाने विडी पेटवली.

गंमतीही झाल्या. मंठ्याकडच्या एका पाटलाने आम्ही येणार म्हणून आदल्या दिवशी विहिरीत पोतंभर तुरटी ढवळली होती. थाळी तळापर्यंत लख्ख दिसली. मुलीला बघायला पाहुणे येणार होते आणि ‘आमच्या विहिरीचं पाणी पास झालंय’ असं त्याला सांगायचं होतं. मामाने एक चूळ भरून थुंकली आणि म्हणाला, पाटील, पाहुण्यांना चहा देऊ नका, दूध फाटंल.

दुसरी गंमत तेव्हा गंमत वाटली नव्हती. भोकरदनच्या वाटेवर एका गावात मी काठावर आरसा धरून उभा असताना घोड्यावरून अमीनसाहेब आले. पोलिसांचा अंमलदार, खांद्यावर पट्टे, सोबत दोन शिपाई. दिवस असे होते की खादीचा सदरा दिसला तरी चौकशी व्हायची. “शीशे से किसको इशारे कर रहा है?” त्यांनी विचारलं. मी तावातावाने पाणी, प्रजा, हक्क असं सगळं सुरू केलं. त्यामुळे प्रकरण जास्तच बिघडलं. आरसा जप्त, मी आणि माझी पत्रकं लिंबाखाली शिपायाच्या पहाऱ्यात. दुपार टळायला आली. मग दगडूमामा ओलाच वर आला, हात जोडून म्हणाला, हुजूर, तुमची शिट्टी विहिरीत टाका, मी काढून देतो, मंग ठरवा आरसा कशाला लागतो ते. अमीनसाहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी शिट्टी टाकली. शिपायानेच झोत धरला. मामा गेला आणि दोन श्वासांत शिट्टी दातात धरून वर आला. अमीनसाहेबांनी ती रुमालाने पुसली, आरसा परत केला आणि जाता जाता विचारलं, पाणी पास आहे ना? त्या दिवशी माझी चौकी टळली ती माझ्या बाणेदारपणामुळे नाही, मामाच्या दातांमुळे. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी लक्षात ठेवलं नाही.

आता ज्या गावासाठी हे लिहायला बसलो त्या गावाकडे येतो. टेंभुर्णीच्या पलीकडे आहे. नाव देत नाही. गावाने काही केलं नाही, केलं ते मी. तिथली बारव मोठी, तीन बाजूंनी पायऱ्या, पाणी हिरवं. पहिल्यांदा गेलो तेव्हा थाळी दोन गाठींवर बुडाली. बाया काठावर उभ्या राहून बघत होत्या. त्यांतली कासाबाई पुढे होती. चाळिशीच्या आतबाहेरची, घरची शेती स्वतः बघणारी, तिने हो म्हटलं की बायांचं हो आणि तिने नाक मुरडलं की गावात काम बंद. ती म्हणाली, “थाळी तर आणली मास्तर, वाढणार काय?” सगळ्या हसल्या. मीही हसलो, आणि गाव आपलं झालं असं समजलो.

गाळ काढायची तारीख ठरली. वैशाखातली. पाणी खाली गेलेलं असतं, काम सोपं जातं. मी पत्रक छापलं, वर मोठ्या अक्षरात तारीख, खाली ओळ. टेंभुर्णीच्या बाजारात वाटलं. पाटलाने हलगी फिरवली. बायांनी दोन दिवसांचं पाणी भरून ठेवलं. आसपासच्या गावांतली माणसं बघायला आली. मी आयुष्यात पहिल्यांदाच माझं छापलेलं वाचून आलेली एवढी गर्दी बघत होतो. वाचून म्हणजे, कुणीतरी वाचून दाखवलेलं ऐकून.

मामा आला तो लंगडत. घोट्याला चिंधी. चिंधी सोडून त्याने पाय दाखवला. घोट्यावर फोड फुटलेला, त्यातून पांढरा दोरा बाहेर आलेला, दोऱ्याचं टोक काडीला गुंडाळलेलं. आमच्या भागात नारू, म्हणजे अंगात वाढणारा हा दोऱ्यासारखा जंत, कुणाला नवा नाही. उन्हाळ्यात पायातून निघतो, आगीसारखा जाळतो, लोक रोज थोडा थोडा काडीवर गुंडाळतात, तुटला तर पाय सडतो.

“मास्तर, आठ-धा दिस जाऊ द्या की,” मामा म्हणाला.

“मामा, पत्रकात तारीख छापलीय.”

“तारीख छापलीय म्हून नारू थांबून राह्यलाय का?”

आजूबाजूची माणसं हसली. मला ते हसणं लागलं. गाव गोळा झालेलं, मी एकवीस-बावीस वर्षांचा, आणि माझ्या तारखेला हसताहेत. मी आवाज चढवला. काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणालो, “बहाणे नकोत मामा. उतरा.”

 तो म्हणाला, उतरतो, तसं पाण्यात बरंच वाटतं, आग होऊन राह्यली ना, गार पडतं. चिंधी आणि काडी पायरीवर ठेवली आणि तो उतरला.

आरसा त्या दिवशी मी स्वतः धरला होता. मामा गुडघाभर पाण्यात उभा राहिला तेव्हा झोत त्याच्या पायांवर होता. घोट्यापासून दुधासारखी एक बारीक रेघ पाण्यात निघाली, धुरासारखी वळली आणि विरली. मी ती पाहिली. मला वाटलं, अंगाचा मळ असेल, नाहीतर पायरीच्या सांध्यातला चुना. थोडं थांबलो. पाणी परत होतं तसं झालं.

दोन दिवस काम चाललं. टोपलीवर टोपली गाळ निघाला, फुटक्या घागरी निघाल्या, एक पितळी समई निघाली. झरे मोकळे झाले. पाणी बसल्यावर मी थाळी सोडली आणि गाठी मोजल्या. सात. सातव्या गाठीवर थाळी चांदण्यासारखी दिसत होती. मी ओरडून सांगितलं, हलगी वाजली, कासाबाईने स्वतः पायऱ्या उतरून पहिली घागर भरली. मामाने काठावर बसून दोऱ्याला परत काडी लावली.

त्या गावावरून आम्ही पुढच्या गावी गेलो, तिथून त्याच्या पुढच्या. पत्रकात पुढच्याही तारखा होत्या. दगडूमामा महिनाभर, दोरा पूर्ण निघेपर्यंत, गावोगावच्या पाण्यात उतरत होता, आणि मी वहीत लिहीत होतो, पास, पास, पास.

पुढच्या उन्हाळ्यात देवी टोचण्याच्या दौऱ्यावर एक डॉक्टरसाहेब आले. हैदराबादचे, उतारवयाचे, बोलणं उर्दू आणि आवाज कायम थकलेला. त्यांनी मला टेंभुर्णीहून बोलावून घेतलं. त्या गावात घरटी कुणी ना कुणी पाय धरून बसलं होतं. मी बारव बघून आलो, गाठी मोजल्या, सात नाही तरी सहा होत्या. मी त्यांना अभिमानाने सांगितलं की पाणी स्वच्छ आहे, तेव्हा हे पाण्याचं नाही, अन्नाचं असेल. “पानी साफ है, इसीलिए तो,” डॉक्टरसाहेब म्हणाले.

मला समजलं नाही. त्यांनी बारवेचं पाणी काचेच्या पेल्यात घेतलं. वरून बघायला सांगितलं. पेल्याचा तळ लख्ख. मग पेला उन्हाच्या कडेला धरला, मागे आपली काळी टोपी धरली आणि बाजूने बघायला सांगितलं. ऊन आडवं पाण्यातून जात होतं आणि त्यात बारीक ठिपके उड्या मारत होते. कवडशात धूळ दिसते तसे, पण ही धूळ आपल्या मर्जीने हलत होती. ते म्हणाले, नारूवाला पाय पाण्यात पडला की दोरा आपली अंडीपिल्ली सोडतो. दुधासारखं दिसतं. हे ठिपके म्हणजे पाण्यातले किडे, ते पिल्लं खातात. माणूस किडे पितो. वर्षाने त्याच्या पायातून दोरा निघतो. हे किडे स्वच्छ, साचलेल्या पाण्यात मजेत राहतात. गाळाने काही बिघडत नाही त्यांचं, आणि गाळ काढल्याने तर नाहीच. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मी मराठीत लिहितो. तुम्ही उजेड किती खोल जातो तेवढंच मोजत बसलात, वाटेत तो कशाकशावर आपटतो ते बघितलंच नाही.

दुधासारखं, हा शब्द ऐकला तेव्हाच मला सगळं कळलं होतं. 

चावडीवर गाव जमलं. जमलं म्हणजे ज्यांना चालता येत होतं ते. पेरणी तोंडावर आलेली आणि तिफण धरायला घरात धड पाय नाही, अशी अवस्था. कासाबाई दोघांच्या खांद्यावर हात टाकून आली. तिचा नारू गुडघ्याच्या मागे निघाला होता, तुटला होता, गुडघा वाकलेला तो वाकलेलाच. मी उभा राहिलो आणि डॉक्टरसाहेबांनी सांगितलेलं सांगितलं. सवयीने चांगलंच सांगितलं. पायऱ्यांवर भिंत घाला, वरून दोराने पाणी शेंदा, फडक्याने गाळून प्या, नारूवाल्या माणसाला पाण्यात उतरू देऊ नका. कुणीतरी मागून म्हणालं, “गेल साली दगडूच्या पायाला चिंधी व्हती.”

मामा तिथेच होता. भिंतीचं काम निघेल म्हणून मीच त्याला निरोप धाडला होता. सगळ्यांनी वळून त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. तो वाट बघत राहिला. मला फार तर दहा शब्द बोलायचे होते. त्याने सांगितलं होतं, मी उतरवलं. एवढंच. इतके दिवस सरकार जबाबदारी घेत नाही म्हणून मी बोंब मारत होतो.

मी म्हणालो, “झालं ते झालं, आता पुढचं बघा.”

पाटलाने तिथल्या तिथे सांगितलं की दगडूने या गावच्या पाण्याला शिवायचं नाही. हैदराबादचा हुकूम गावापर्यंत येईतो विझतो, असं मी वर लिहिलं. बदनामीचं उलटं आहे. ती जितक्या माणसांतून जाते तितकी प्रखर होते. महिन्याभरात भोकरदनपासून मंठ्यापर्यंत एकही विहीर त्याच्यासाठी उघडी राहिली नाही. एका ठिकाणी तर म्हणे तो पैसे घेऊन नारू सोडतो अशी बोलवा होती.

भिंत मात्र झाली. तहसीलात मी भांडलो, चुना आणला, गावाने दगड वाहिले. त्या बारवेच्या पायऱ्या बुजल्या, वर कठडा आला, रहाट बसला. दोन उन्हाळ्यांत त्या गावातून नारू गेला. इतर गावांनीही तेच केलं. मंडळाने माझा सत्कार केला, मी हार घालून घेतला आणि भाषण केलं. भाषणात दगडू नव्हता.

तो जालन्यात जिनिंगमध्ये सरकीच्या पाट्या वाहतो. मी त्याला अधूनमधून भेटत असे. आतली हवा कापसाच्या तुसाने इतकी भरलेली की खिडकीतून शिरलेलं ऊन दोन यंत्रांपलीकडे पोचत नाही. तिथे थाळी टांगली तर तीन हातांवर नापास व्हायची. ज्याच्या छातीत दोन माणसांचा दम होता तो आता पाटी ठेवली की खोकतो. त्याबद्दल मला जिनिंगवाल्यांना शिव्या देता येतील, आणि पुढच्या पत्रकात देणारही आहे, पण त्याला तिथे त्यांनी नेलं नाही.

संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी ठरवलं की आता लिहायचं. जे लिहिलं ते घेऊन मी मधल्या सुट्टीत जिनिंगच्या फाटकाशी गेलो आणि त्याला वाचून दाखवलं. चावडीवरच्या प्रसंगापर्यंत. त्याने सगळं ऐकून घेतलं, भाकरीचा तुकडा हातात तसाच. मग विचारलं, हे कुठं छापून येणार. मी सांगितलं. कोण वाचतं, असं विचारलं. मी म्हणालो, पुण्यामुंबईचे लोक, वकील, शिक्षक.

“अन त्या गावात कुणाला वाचता येतं का?”

मी म्हणालो, नाही.

“मंग तिथं जाऊन सांगा की मास्तर. चावडीत बोलले न्हाईत, आता बोला. त्यांना ठाऊक झालं तर मला बलावतीन. एवढ्या विहिरी हायेत तिकडं. बुडी मारायला माणूस लागतोच.”

बोलताना त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आशा म्हणायला धजत नाही, पण दुसरा शब्द सापडत नाही.

मी गेलो. सर्व्हिस मोटारीने टेंभुर्णी, तिथून पायी. बारवेवर बाया पाणी शेंदत होत्या. कासाबाई काठीचा आधार घेऊन रहाटाशी उभी होती, सुना ओढत होत्या, ती बोलत होती. मला बघून तिने घोंगडं टाकायला सांगितलं. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. मामाने आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, पत्रकात तारीख होती म्हणून मी त्याला उतरवलं, आणि चावडीत मी तोंड उघडलं नाही. एकदम हलकं वाटेल अशी माझी समजूत होती.

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. कासाबाई म्हणाली, “हे काय नवं सांगून राह्यले तुमी? काठावरून ‘उतरा’ म्हून कोण वरडलं, ते आमी समद्यांनी ऐकलं व्हतं.”

मी विचारलं, मग चावडीत का नाही बोललात.

तिने काठी दुसऱ्या हातात घेतली. “तुमच्यावर घातलं असतं तर तुमी परत आल्ते का या गावात? तहसीलात कोण भांडलं असतं? चुना कुणी आणला असता? भिंत पायजे व्हती मास्तर. माझा गुडघा तर गेल्ता, पोरींचे तरी वाचावेत. कुणावर तरी घालायचं व्हतं.” मग म्हणाली, “दगडूचं वाईट वाटतं. पण तो काय, पोट भरील कुठं बी.”

मी म्हणालो, आता तरी त्याला बोलवा. तिने रहाटाकडे बोट केलं. आता पायऱ्याच बुजल्या, म्हणाली, उतरायचं काम काय राह्यलंय? घागर पडली तर गळ टाकून निघते. अन माणसांच्या मनात जे बसलं ते बसलं, ते काय माझ्या एकटीच्या सांगण्यानं निघतंय का. तिने मला पाणी दिलं. फडक्याने गाळलेलं. मी ते प्यायलो.

दुसऱ्या दिवशी जिनिंगच्या फाटकाशी मामा माझ्या आधीच येऊन उभा होता. काय म्हणाले, त्याने लांबूनच विचारलं. मला खोटं बोलता आलं असतं. ते विचार करताहेत, असं म्हणता आलं असतं. पण आयुष्यभर खरं बोलण्याची घमेंड मिरवली होती आणि नको तिथे ती आता उपयोगी पडली. मी म्हणालो, त्यांना आधीपासून ठाऊक होतं.



“समद्यांना?”

“हो.”

“कासाबाईला बी?”

मी मान डोलावली. त्याने तोंडावर बांधायचं फडकं हातात घेतलं, झटकलं, त्याच्या घड्या घालत राहिला.

“तीन सालं मी म्हणून राह्यलो,” तो म्हणाला, “बिचाऱ्यांना ठाऊक न्हाई, म्हून बोलत्यात. ठाऊक झालं असतं तर न्हाई बोलले. बायकोला बी तेच सांगत व्हतो.”

भोंगा झाला. माणसं आत जायला लागली. त्याने फडकं तोंडाला बांधलं, दोन पावलं गेला आणि फडकं खाली ओढून म्हणाला,

“आता तुमी बी येत जाऊ नका, मास्तर.”

त्यानंतर मी गेलेलो नाही.